दहावी कोंबडी

४ सप्टेंबर

नऊ! पुन्हा मोजल्या. नऊच. खुराड्यात डोकं घालून एकेकीवर बोट ठेवत मोजल्या, तेव्हा त्या पांढरीनं मनगटावर चोच मारली. तरी नऊच.

आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर हिच्या हातानं ऑगस्टच्या प्रत्येक चौकोनात लिहिलंय – "१० आत". एक तारखेपासून बावीसपर्यंत. तेवीसला हिला इस्पितळात नेलं. पुढचे चौकोन कोरे. सव्वीसला ही गेली. ते पान मी अजून उलटलेलं नाही.

चाळीस वर्षं गोदामात मोजणी-कारकून होतो. कागदावर दहा आणि हातात नऊ, याला तूट म्हणतात. कागद खोटं बोलत नाही, माणूस बोलतो. इतके दिवस शेजारच्या शिवणवाल्या बाईच कोंबड्यांचं दाणापाणी बघत होत्या. आज सकाळी मी म्हटलं, आता माझं मी करीन. आणि पहिल्याच संध्याकाळी ही तूट!

५ सप्टेंबर

परसात सगळीकडे फट शोधली. सापडली! जाळीखाली, न्हाणीघराच्या अंगाला, वीतभर माती उकरलेली. मुंगूस. दुपारभर बसून चर खणला, सपाट दगड उभे पुरले, कडीला तार गुंडाळली. कंबर कामातून गेली.

पण पिसं कुठंच नाहीत. रक्ताचा थेंब नाही. मुंगूस हे काही इतकं टापटिपीचं जनावर नव्हे.

खरं सांगायचं तर मी या परसात कधी फिरकलोच नाही. कोंबड्या हिच्या. मला त्यांचा वास आवडायचा नाही, आवाज आवडायचा नाही, फक्त ऑम्लेट आवडायचं. संध्याकाळी मी सलूनवाल्याच्या बाकावर गप्पा ठोकून घरी यायचो, तेव्हा ही मागच्या दारात उभी असायची. मी चपला काढल्या की ही कडी लावायची, हात पुसायची, पेन घेऊन कॅलेंडरपाशी जायची. म्हणायची, "सगळे आत." अगं, कोंबड्या त्या! सगळ्या म्हण, सगळ्या! शंभरदा सांगितलं. हसायची. "तुमचं व्याकरण गोदामात ठेवा."

इस्पितळातही शेवटचं नीट बोलली ते हेच. "घरी जा आता. सगळे आत गेले की कडी लावा." मी म्हटलं, लावली कडी, आहेत सगळ्या. न बघताच म्हटलं.

६ सप्टेंबर

नऊ. अंडी दोनच.

८ सप्टेंबर

लेकीचा फोन. "बाबा, इकडे या राहायला. कोंबड्या देऊन टाका कुणाला तरी."

म्हटलं, दहावी सापडू दे, मग बघू.

"तुम्ही त्यांच्याकडे ढुंकून तरी बघत होतात का? एकीचं तरी नाव माहितीये?" मी म्हटलं, लंगडी. "ती लंगडी नाही, बाबा! ती चालतेच तशी. आई तिला ठुमकी म्हणायची." हसलो दोघंही. मग विचारलं, दहाच होत्या ना गं? ती म्हणाली, "मला काय माहीत? दोन वर्षांत किती वेळा आले मी?" मग कुकरची शिटी झाली म्हणून तिनं फोन ठेवला.

मला शिटी ऐकू आली नाही.

९ सप्टेंबर

आज एक अंडं हातात घेताच पिचकलं – कवच नावालाच! फळीवर हिची बरणी सापडली, वर चिठ्ठी – "शिंपल्यांचा चुरा, रोज मूठभर". रोज! दोन आठवडे कुणी घातलाच नव्हता. घातला. भांडल्यासारख्या तुटून पडल्या.

ठुमकी खुडूक झालीये. अंड्यावर नाही, नुसत्या पेंढ्यावर बसते. आमच्याकडे कोंबडा नाही, अंडं असतं तरी पिल्लू निघालं नसतं. तीनदा उचलून बाहेर ठेवली, तीनदा जाऊन बसली. अंगावर फुगून येते! चौथ्यांदा उचलली नाही. मी तरी दिवसभर काय करतो? हिच्या पलंगाशेजारी खुर्ची घेऊन बसतो, तिथं कुणी नसतं.

११ सप्टेंबर

आज करू नये ते केलं.

शिवणवाल्या बाईंच्या अंगणात तीन तांबडी पिसं दिसली. डोकं फिरलं. भिंतीवरूनच विचारलं, "आमची एक कोंबडी तुमच्याकडे राहिलीय का?" त्या मशीनवर होत्या. पाय थांबला. "राहिलीय म्हणजे?" मी म्हटलं, "दहा होत्या. तुमच्या ताब्यात दिल्या तेव्हा दहा होत्या. आता नऊ आहेत. कागद आहे माझ्याकडे."

ताब्यात! गोदामातल्या हमालाशी बोलावं तसं बोललो.

त्या उठून भिंतीपाशी आल्या. "काका, काकूंच्या कोंबडीला मी हात लावीन? काकूंच्या?" बस, एवढंच. पिसं काय, वाऱ्यानंही जातात. हे मला आत्ता लिहिताना सुचतंय.

१२ सप्टेंबर

ही शिवणवाल्या बाईंना अंडी द्यायची ती आमची वाटी भिंतीवर ठेवलेली. घासून, पालथी. आत मशीनचा आवाज चालू होता. हाक मारली नाही.

१५ सप्टेंबर

अंडी पाच! कवच टणक, टिचकी मारली तर वाजतं. राख चाळून एका कोपऱ्यात पसरली, तीत लोळून लोळून सगळ्या भुतासारख्या झाल्या.

आणि दुपारी मुंगूस आलं. भर उन्हात! जाळीशी येऊन हुंगलं, उकरायला लागलं, नखं दगडावर खरखरली. तिथून हटलं, दुसऱ्या बाजूनं उकरलं, तिथंही दगड. शेवटी माझ्याकडे एकदा बघून निघून गेलं. माझे दगड टिकले!

सांगायला धावत स्वयंपाकघरात गेलो. दारात गेल्यावर आठवलं. मग भिंतीपाशी गेलो, तिथून मागं फिरलो. एवढी मोठी गोष्ट झाली आणि सांगायला माणूस नाही. फार वाईट वाटलं. ठुमकीला सांगितलं. तिनं डोळे मिटले.

संध्याकाळी भावाचा फोन. "ये की इकडे. एप्रिलमध्ये आलास तो तीन दिवसांत पळालास. ती एकटी आहे, ती एकटी आहे, हा एकच धोशा. आता कुणासाठी पळणार?"

म्हटलं, दहा भरल्याशिवाय मी इथून हलणार नाही. तिनं दहा ठेवल्या, मी नऊ कशा सोडून जाऊ? तो म्हणाला, "अरे, एक बाजारातून आण आणि दहा कर!" त्याला कळायचं नाही. तुटीत बाहेरचा माल भरणं याला आमच्याकडे चोरी म्हणतात.

१६ सप्टेंबर

गोदामाचा नियम आठवला. तूट सापडत नसेल, तर मागं मागं जाऊन आवक बघावी. दहावी आली कधी, ते तरी कळेल. उद्या कॅलेंडर उतरवतो.

१७ सप्टेंबर

उतरवलं. जुलै, जून, मे – रोज "१० आत". एप्रिल. नऊ, दहा, अकरा तारखेला "९ आत". बाराला पुन्हा "१० आत".

नऊला मी भावाकडे गेलो होतो. बाराला संध्याकाळी परत आलो.

सगळे, म्हणायची. सगळे!

शिवणवाल्या बाईंच्या दारात जाऊन हात जोडले, कॅलेंडर दाखवलं. त्यांनी एप्रिलच्या चौकोनांवरून बोट फिरवलं, मग डोळ्याला पदर लावला. मी नेलेली अंड्यांची वाटी त्यांनी ठेवून घेतली.

दिवेलागणीला नऊ मोजल्या. चपला काढल्या, कडी लावली, हात पुसले. पान उलटलं. सतराच्या चौकोनात लिहिलं – १० आत.