दारापासून उतार

९ मार्च

तळं खणायचं! मागच्या अंगणात, कपड्यांच्या दोरीपलीकडे, कुत्र्यांसाठी. ठरलं म्हणजे ठरलं.

कारकुनाला आज जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. मागचे पाय दिवसेंदिवस ढिले पडताहेत, त्यात उन्हाळा तोंडावर आणि अंगावर ही केसांची गोधडी. डॉक्टर म्हणाले, चालवा त्याला. म्हटलं, चालत नाही. म्हणाले, मग पोहवा – वजन पाणी उचलेल, पायांना नुसती हालचाल. नाहीतर उन्हाळा संपेपर्यंत मागचे पाय जातील. असं सरळच म्हणाले. मी तिथे हो हो केलं आणि गाडीत बसून रडले.

कारकून मागच्या सीटवर तोंड पाडून बसला होता, साहेबाने रजा नाकारल्यासारखा. या तोंडामुळेच त्याचं नाव कारकून. भिंगरीला न्यायची काही गरज नव्हती, पण ती ऐकते कुठे. तिने डॉक्टरांचं पेन चावून ठेवलं.

१० मार्च

आप्पांना सांगितलं. खिडकीतल्या खुर्चीतून म्हणाले, "कुत्र्यांना तळं. आणि माणसांना?" मी म्हटलं, माणसांनी आधी दाराबाहेर तर पडावं. 

बोलायला नको होतं. पण मलाही जीव आहे! आप्पा मागच्या पायऱ्यांवरून पडले त्याला वर्ष होत आलं. खुबा जोडला, हाड धरलं, डॉक्टर म्हणतात खुशाल फिरा. हे मात्र वॉकर घेऊन पलंग ते खिडकी, खिडकी ते न्हाणीघर. घराला पुढे पायऱ्या, मागे पायऱ्या. जन्मभर डोंगरातल्या वळणांवर बस चालवलेला हा माझा बाप, आणि आता पायरी दिसली की तोंडचं पाणी पळतं. ते तसं म्हणायची मात्र सोय नाही. एकदा मी सुचवलं होतं, मागच्या पायऱ्यांवर उतार बांधून घेऊ. केवढे भडकले! "उतारवय आलं म्हणून दाराला उतार? त्यापेक्षा पाटीच लावा – आत म्हातारा आहे." तेव्हापासून तो शब्द घरात निघत नाही.

आणि कारकून दिवसभर त्यांच्या खुर्चीखाली. आप्पा हलत नाहीत म्हणून तोही हलत नाही. खरं तर घरात पेशंट दोन आहेत, मी डॉक्टरांना एकच दाखवला.

१५ मार्च

रविवार. स्वतःच कुदळ घेतली. वाटलं होतं दुपारपर्यंत गुडघाभर तरी जाईल. घोट्यापर्यंत गेलं. जमीन आहे की लोखंड! असं मोठ्याने म्हटलं तर खिडकीतून लगेच – "नाचता येईना, अंगण वाकडं."

दिवसभर त्यांचं चालूच होतं. डावीकडे घे. मागे बघ. दोरीच्या खांबाला लागेल. मी म्हणजे बस आणि ते मला आगारात लावताहेत! भिंगरीने मात्र मनापासून मदत केली. मी काढलेली माती तिने परत आत लोटली.

पण आप्पा आज दिवसभर बोलत होते. हे मी लिहून ठेवते.

१६ मार्च

हात खांद्याच्या वर जात नाहीत. दुकानात एका बाईंना चष्म्याची डावी काच उजवीकडे बसवून दिली. बाई दारापर्यंत जाऊन परत आल्या, म्हणाल्या, फरशी वर येतेय.

२० मार्च

गवंडी मिळाला. माझा खड्डा बघून शांतपणे म्हणाला, "ताई, काय पुरायचंय?"

माणूस कामाचा दिसतो. प्लास्टिकचा कागद नको म्हणाला, नखांनी आठवड्यात चाळणी होईल. तळाला काँक्रीट, वर पाणी न झिरपणारा गिलावा, खाली बूच, म्हणजे पाणी बदलायला सोपं. एका टोकाला खोल, एका टोकाला उथळ. डॉक्टरांनी बजावलंय की उतरायला-चढायला उतार हवाच, कारण थकलेल्या कुत्र्याला उभी कड चढता येत नाही, तिथेच बुडतं. ते मी त्याला दोनदा सांगितलं. उतार! आप्पांना ऐकू जाऊ नये म्हणून अंगणाच्या टोकाला नेऊन, हळूच. चोरून काही ठरवत असल्यासारखं.

२४ मार्च

खड्डा आता खड्ड्यासारखा दिसतो. गवंडी आणि आप्पा यांचं चांगलं जमलंय. दुपारचा चहा तो खिडकीखाली उभा राहून पितो. दोघं काय बोलतात देव जाणे. मी आले की गप्प.

२७ मार्च

करायला गेले एक नि झालं भलतंच!

सकाळी दुकानात गर्दी होती. त्यात गवंड्याचा फोन – ताई, उतार कुठून घेऊ? एका हातात गिऱ्हाइकाची फ्रेम, तोंडात स्क्रू. म्हटलं, दाराच्या बाजूने. म्हणजे तळ्याची जी कड दाराकडे आहे त्या कडेने. दुसरा काही अर्थ होतो का त्याचा?

होतो. संध्याकाळी येऊन बघते तर मागच्या पायऱ्या गायब! उंबऱ्यापासून जो उतार सुरू झालाय तो लांबच लांब, सरळ तळ्याच्या पाण्यात – म्हणजे पाणी येईल तिथे. रुंद तर असा की दोन्ही कुत्री बरोबरीने जातील. वरून खराट्याने आडव्या रेघा ओढलेल्या, पाय घसरू नये म्हणून. काम सुरेख, पण सांगितलं कुणी?

फोनवर गवंड्याला नको नको ते बोलले. म्हटलं, मी डोळे तपासते, कान तपासत असते तर तुमचे फुकट तपासून दिले असते. तो एवढंच म्हणाला, "ताई, तुम्हीच म्हणालात दाराच्या बाजूने." आणि पुढे ऐकून घेतलं सगळं. त्यामुळे आणखीच राग आला.

आता आप्पा! ज्या शब्दासाठी वर्षभर तोंड शिवून बसले, तोच त्यांच्या नाकासमोर ओतून ठेवलाय. आत जायचं धाडस होईना. गेले तर वर्तमानपत्र वाचत होते. वर न बघता म्हणाले, "गाढव आहे तो. पण राहू दे आता. फोडायचं म्हणजे पुन्हा धूळ." एवढंच!

वर्तमानपत्र कालचं होतं. रागात असणार, मला दाखवत नाहीत.

२८ मार्च

आज विचारलं, फोडून पायऱ्या करून घेऊ का? म्हणाले, "कुत्र्यांसाठी आहे ना? कुत्र्यांना विचार."

८ एप्रिल

इतके दिवस सिमेंटला पाणी पाजलं. आज तळं भरलं! संध्याकाळी पाणी असं काही चमकत होतं की मी दुकानातून आल्यावर चप्पल न काढता तिथेच बसून राहिले.

९ एप्रिल

सकाळी तळं रिकामं. गवंड्याला फोन लावणार इतक्यात भिंगरी शेपूट हलवत आली आणि माझ्या पायाशी बूच ठेवलं. मोठी बहादुरी केली होती तिने. बूच घट्ट बसवलं, वर दगड ठेवला, पुन्हा भरलं. गवंड्याला फोन केला नाही ते बरं. त्याला आधीच बरंच बोलून झालंय.

१२ एप्रिल

भिंगरी जन्मजात मासा आहे. उतारावरून धावत सुटते आणि धपकन! मग अंग झटकायला नेमकी माझ्याजवळ येते. सोबत मीही गुडघाभर पाण्यात. फार सुख वाटलं. कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसले.

कारकून उंबऱ्यापर्यंत आला. पाण्याकडे बघितलं, मागे वळून आप्पांकडे बघितलं, आणि परत जाऊन खुर्चीखाली बसला.

१४ एप्रिल

उकडलेलं अंडं दाखवून झालं. पट्टा लावून ओढून झालं. उचलायला गेले तर त्याने अंग सोडून दिलं, आणि त्याने अंग सोडलं की तो माझ्या दुप्पट होतो. अंडं भिंगरीने खाल्लं.

१७ एप्रिल

आज उठताना त्याचे मागचे पाय दोनदा घसरले. तिसऱ्यांदा प्रयत्नच केला नाही. आपल्याकडे बघतो फक्त. डॉक्टरांना फोन केला. जबरदस्ती नको म्हणाले, एकदा पाण्याची भीती बसली की गेलं. पण उशीरही नको म्हणाले.

तळं बांधलं कुणासाठी? भिंगरीची चैन व्हावी म्हणून? भीती वाटतेय मला. ते पाय गेले तर त्याला उचलून बाहेर नेणं माझ्याने व्हायचं नाही. मग काय करावं लागेल ते डॉक्टर बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

१८ एप्रिल

भांडण. मीच सुरू केलं. सरळ म्हटलं, आप्पा, तुम्ही उतरल्याशिवाय तो उतरायचा नाही. ते म्हणाले, "मी काय त्याचा कंडक्टर?" मी म्हटलं, त्याच्या पायांचं जे होईल ते या खुर्चीमुळे होईल. फार लागलं असणार. माझी जीभ म्हणजे उचलली आणि लावली टाळ्याला.

खाली वाकून कारकुनाच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "पडलो तर?" पहिल्यांदा म्हणाले असं. वर्षात पहिल्यांदा.

म्हटलं, मी पुढे असेन. पडलात तर माझ्यावर पडाल. "तू काय, काडी," म्हणाले. चहा दोघांनीही निम्मा टाकला.

१९ एप्रिल

पूर्ण लिहिते, काही सुटायला नको.

सकाळी मी कपडे वाळत घालत होते. मागे वॉकरची टकटक. वळले तर आप्पा उंबऱ्यात उभे! पायात बूट – ड्युटीवर घालायचे ते, पॉलिश केलेले. कधी केलं पॉलिश? म्हणाले, "कारकुनासाठी येतोय. तुझ्या बोलण्यामुळे नाही."

मी धावले आणि पुढे उलटी चालत राहिले. हात पुढे, लावत मात्र नव्हते, लावलेला त्यांना खपत नाही. वॉकर आधी उतारावर टेकवला, मग एक पाय. थांबले. कपाळावर घाम. म्हणाले, "उतारावर पहिला गिअर. ब्रेकवर नाही, गिअरवर उतरायचं." मग दुसरा पाय. त्या खराट्याच्या रेघांवर बूट छान धरत होते. बोलता बोलता अर्ध्यात आले.

मागून कारकून. डोकं खाली, मागचे पाय ओढत, पण येत होता. आप्पा थांबले की थांबायचा.

पाण्याच्या कडेला खुर्ची मांडली. आप्पा बसले, बूट काढले, मोजे घडी करून बुटात घातले आणि पाय पाण्यात सोडले. "गार आहे रे," कारकुनाला म्हणाले. तो तसाच त्यांच्या पावलांशी जाऊन बसला – पाण्यात! बसला आणि चमकला. मग उठला. पाण्यात उठणं सोपं जातं हे त्याला तिथेच कळलं असावं. दोन पावलं आत, आणखी दोन, आणि मग खाली जमीन लागेना तसे चारही पाय हलायला लागले. मागचेसुद्धा! नाक वर, तोंड तेच पडलेलं, आणि पोहतोय! एक फेरी मारून आप्पांच्या गुडघ्यावर हनुवटी टेकवली.

आप्पा रडत होते. मीही. भिंगरीने एक मोजा पळवला.

२० एप्रिल

कारकून झोपेत पाय मारत होता. सगळे चारही.

२९ एप्रिल

आता रोजचंच झालंय. मी दुकानातून येते तेव्हा ते दोघं, म्हणजे तिघं, तळ्यावर. आप्पांनी वॉकर उंबऱ्याशी ठेवून काठीवर येणं सुरू केलंय. मला विचारलं नाही, मीही पाहिलं नाही असं दाखवलं. डॉक्टरांनी कारकुनाचे पाय दाबून बघितले, म्हणाले, मांस भरतंय, असंच चालू द्या. परतताना गाडीत गाणं म्हणत आले. कारकुनाला आवडलं नाही.

घरात उतार हा शब्द आता सारखा निघतो. उतार झाडलास का, उतारावर शेवाळ धरेल, घासून घे. आणि कुणाला काही वाटत नाही. एका चुकीमुळे! मी तोंडात स्क्रू धरून बोलले नसते तर?

४ मे

गवंडी आला होता, थापी राहिली होती ती न्यायला. बरं झालं, मलाही त्याची माफी मागायची होती. मागितली. म्हटलं, तुमची चूक आम्हाला फळली.

तळ्याकडे बघत हसला. आप्पा पाठमोरे बसले होते. हळूच म्हणाला, "ताई, चूक कसली. मी तुम्हाला फोन करायच्या आधीच आप्पांनी खिडकीपाशी बोलावून सांगितलं होतं – उतार उंबऱ्यापासून घे, मला वॉकरने जाता येईल एवढा रुंद. कुत्र्यांच्या नावावर खपव म्हणाले, पोरीला सांगू नको. शब्द दिला होता, म्हणून तुमची बोलणी खाल्ली."

तो गेला. मी आत येऊन चष्मा पुसला. पुसून झाला तरी पुसत होते.

संध्याकाळी आप्पांनी विचारलं, कोण आलं होतं? म्हटलं, गवंडी. थापी घेऊन गेला.

"दुसरं काही बोलला?"

नाही, म्हटलं.