जांभळीजवळच्या विहिरीचं नाव

भोकरदन,
८ डिसेंबर २०२४

प्रिय ऋषी,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे बरे आहोत, तू आणि श्रद्धाही बरे असाल. थंडी यंदा उशिरा आली. कापसाची शेवटची वेचणी चालू आहे आणि मजूर जाफराबादकडून जीपने आणावे लागतात. माझ्या कॉलेजात सहामाहीचे पेपर तपासून झाले. भूगोलात यंदाही निम्म्या मुलांनी गोदावरी अरबी समुद्राला नेऊन मिळवली आहे. अण्णांचा गुडघा दुखतो, बाकी ठीक. तू विचारलं नाहीस, तरी लिहिते.

पत्र अशासाठी की फोनवर आपलं बोलणं हवामानापासून सुरू होतं आणि हवामानापाशीच संपतं. शिवाय विहिरींची नावं ऐकण्यापेक्षा लिहिलेली बरी. तुला ती जशीच्या तशी साइटवर टाकायची आहेत.

तुझा खेळ मी भुजंगला समजावून सांगितला. म्हटलं, एक छोटी पेटी लपवायची, तिची जागा अक्षांश-रेखांशात लिहून जगाला सांगायची, मग कुणीतरी फोन बघत बघत येतो, पेटी शोधतो, आतल्या कागदावर नाव लिहितो आणि पेटी होती तिथे ठेवून जातो. तो म्हणाला, "मंग त्याला मिळतं काय?" मी म्हटलं, काही नाही. "आन् ह्याला म्हणतेत काय?" मी म्हटलं, कॅश. तर नवरोबा उठून बसले. "कॅश लपवून राह्यले तुम्ही? विहिरीपाशी?" त्याची समजूत काढण्यात एक संध्याकाळ गेली. पण मोटरसायकल त्यानेच चालवली आणि पेट्याही त्यानेच बसवल्या. विहिरीच्या काठावर एकही ठेवलेली नाही. सगळ्या जवळच्या झाडाला किंवा बांधावरच्या दगडांत आहेत, म्हणजे कुणी वाकून आत पडायचं नाही. शेतमालकांना विचारलं आहे. सर्जेराव पाटलांनी तर चहा पाजला आणि बाहेरच्या देशातून माणसं कधी येणार ते विचारलं.

आता नावं. तू पाठवलेली 'जलस्मृती', 'पाताळाचे डोळे' वगैरे मी बाजूला ठेवली आहेत. रागावू नको. ही नावं घेऊन गावात पत्ता विचारला तर लोक तुला दवाखान्याचा रस्ता दाखवतील. विहिरींना आधीच नावं आहेत. तीच घेऊ.

थोरली. गावाची जुनी, दगडी पायऱ्यांची. सगळ्यांना माहीत आहे.

उपाशी. हिला पाणी कधी लागलंच नाही. तीन पिढ्यांनी खणली, प्रत्येकाने थोडी थोडी.

इंजनाची. डिझेल इंजन पहिल्यांदा इथे बसलं. इंजन भंगारात गेलं, नाव राहिलं.

वरातीची विहीर रस्त्याच्या कडेला आहे. पूर्वी बैलगाड्यांची वऱ्हाडं इथे पाण्याला थांबत. कारभारी मामा सांगतात की त्यांची नवरी इथेच गाडीतून उतरली आणि तोंड धुताना त्यांनी तिला पहिल्यांदा पाहिलं. मामींनी आतून ओरडून सांगितलं, "खोटं हाय, मीच ह्यांला आधी बघितलं."

खारी. पाणी खारट. डाळ शिजत नाही.

जावांची विहीर. दोन भावांत वाटणी झाली, विहीर मध्ये आली. भाऊ बोलेनात, पण जावा रोज पाण्याच्या निमित्ताने भेटत राहिल्या, अशी एक गोष्ट. दुसरी अशी की जावाच भांडत होत्या. खरी कोणती ते गावातल्या उषामावशीला विचारून कळवते. मी कळवेपर्यंत साइटवर टाकू नको.

एवढ्या पुरे झाल्या. आपल्या शेतातली मी घेतलेली नाही. कठडा ढासळला आहे, भोवती काटे टाकले आहेत आणि जायला वाट नाही.

श्रद्धाला नमस्कार सांग. तिकडे हॉलंडला बर्फ पडला का?

तुझी ताई,
तृप्ती

* * *

भोकरदन,
१९ जानेवारी २०२५

प्रिय ऋषी,

आशीर्वाद. संक्रांत झाली. तिळगूळ पोस्टाने पाठवला तर तुला होळीला मिळेल म्हणून पाठवला नाही.

तुझा मेसेज एका ओळीचा होता, 'ताई, आपल्या विहिरीला खरंच वाट नाही?' त्याला मी फोनवर उत्तर दिलं नाही. इथे देते.

वाट आहे. भुजंग आणि मी पेटी घेऊन तिथवर गेलो होतो आणि तसेच परत आलो. त्या विहिरीचंही नाव आहे, पण मला ते लिहायचं नव्हतं. आपण घरात जांभळीची विहीर म्हणायचो. गाव तिला विमलची विहीर म्हणतं. तुला माहीत नसेल, तू तेव्हा इथे नव्हतास. मी गावच्या पिठाच्या गिरणीत ऐकलं होतं. एक बाई दुसरीला शेताची वाट सांगत होती, "विमलच्या विहिरीवरून सरळ जाय." मी दळणाचा डबा घेऊन उभी होते. मला वाटलं, माणूस गेलं म्हणून नाव चिकटलं. तेव्हापासून त्या बाजूने जायची वेळ आली की मी लांबून जाते. परक्या माणसांनी फोनवर आईचं नाव शोधत यावं आणि खाली 'सापडली' असं लिहून जावं, हे मला नको होतं.

पुढे जे झालं ते जसं झालं तसं लिहिते. मला यात भर घालायची नाही.

जावांच्या विहिरीची खरी गोष्ट विचारायला मी गावी उषामावशीकडे गेले. ती आता फार बाहेर पडत नाही, पण जीभ तशीच आहे. तिची सून सुरेखा चहा टाकत होती. (जावा भांडतच होत्या. पण पाणी भरताना नाही, म्हणून दोन्ही गोष्टी खऱ्या.) मग मावशीने विचारलं, "आन् विमलची घेतली का न्हाई?"

मी म्हटलं, नाही. मेलेल्या माणसाच्या नावाने खेळ नको.

"मेलेल्या?" मावशी म्हणाली. "अगं, ते नाव ती जित्ती होती तवापसून हाय. आम्हीच ठेवलं. बाजाराच्या दिवशी गडी माणसं भोकरदनला गेली की आम्ही एकमेकींला म्हणायचो, आज विमलकडं जायचं का? सासवांला वाटायचं, भाजी निवडायला चालल्या."

सुरेखा आतून म्हणाली, "माझ्या मायला तिनंच पोहणं शिकवलं. अर्ध्या गावच्या बायांला शिकवलं."

त्या दुपारी आपणही असायचो, ऋषी. तुझ्या पाठीला तरंगायला वाळलेला भोपळा बांधलेला असायचा. वर चढताना आई प्रत्येक वेळी सांगायची की घरी बोलायचं नाही. देशमुखी थाटाच्या घरातली सून विहिरीत पोहते, हे आजीला चाललं नसतं. मी कधीच बोलले नाही. तूही एकदाच बोललास.

त्या दिवसाबद्दल आपण दोघं कधी बोललेलो नाही. अंगणात माणसं बसली होती. आईला अजून उचललं नव्हतं. कुणीतरी म्हणालं, पाय घसरला, बिचारीला पाणी माहीत नव्हतं. आणि तू म्हणालास, "पण आईला तर पोहता येत होतं." साध्या आवाजात, चूक दुरुस्त करावी तसं. अण्णांनी तुझ्या तोंडात मारली. पुढच्या जूनमध्ये तू औरंगाबादच्या होस्टेलला गेलास. मग पुणे, मग हॉलंड. तू अण्णांशी त्यानंतर किती बोललास ते तुला माहीत आहे.

मी मावशीला विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही तुझ्या खेळाच्या निमित्ताने. म्हटलं, मावशी, जिला इतकं चांगलं पोहता येत होतं ती बुडाली कशी?

"तुला ठाऊक न्हाई? अगं, तिला न्हाऊ मीच घातलं ना. मागं, अंबाड्याच्या खाली, ही एवढी खोक होती. मोटर चालू करायला गेल्ती. दगड शेवाळलेले. पडली ती पायरीवरच आपटली. पाण्यात गेली तवा तिला शुद्धच नसंल."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"सांगितलं की. समद्या बायांला माहीत हाय. गड्यांनी इचारलंच न्हाई. तुझ्या मोठ्या चुलत्यानं उचलायची जल्दी करा, जल्दी करा लावलं. त्यांच्या मनात काय चाल्लं होतं, ते त्यांला ठावं."

चुलत्यांच्या मनात काय होतं ते मला तेव्हाच कळलं. ते तुझ्याही मनात असणार. माझ्या मनात तर होतंच. पोहता येणारी बाई बुडते म्हणजे तिला बुडायचं होतं. हे वाक्य आपल्या घरात कुणीच उच्चारलं नाही, पण प्रत्येक जण त्याला वळसा घालूनच चालला.

मी तिथून सरळ शेतावर गेले. अण्णा खळ्यात तुरीच्या ढिगाजवळ बसले होते. मी विचारलं, "अण्णा, आईला पोहता येतं हे तुम्हाला कधी कळलं?"

त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. "त्या दिवशी. ऋषी बोलला तवा."

"त्याआधी?"

"न्हाई."

ते आपणहून बोलायला लागले, माझ्याकडे न बघता. "समद्यांसमोर तो बोलला. मला एकदम वाटलं, मंग ही स्वतःहून गेली. माझ्या घरात तिला राहू वाटलं न्हाई. आन् ते आता समद्या गावाला कळलं. हात उठला. त्याच्यावर उठला, पण राग त्याचा नव्हता." मग म्हणाले, "तेच धरून बसलो मी. काय चुकलं, काय चुकलं, हेच हुडकीत राह्यलो."

मी त्यांना खोकेचं सांगितलं. त्यांना वाटलं मी त्यांची समजूत काढते आहे. मला म्हणाले, "कोण म्हणलं?" मी नाव सांगितलं. ते उठले, काठी घेतली आणि चालायला लागले. भुजंगने मोटरसायकल काढली तर बसले नाहीत. गुडघा दुखत असताना गावापर्यंत चालत गेले. आम्ही मागे.

उषामावशीच्या दारात ते उभे राहिले. माझ्या जन्मात मी त्यांना त्या दारात पाहिलं नव्हतं. म्हणाले, "वहिनी, खरं हाय का?"

काय खरं, असं मावशीने विचारलं नाही. तिला कळलं होतं. "खरं हाय काकासाहेब. लेकरांची आण."

अण्णा ओट्यावर बसले. सुरेखाने पाणी दिलं, ते हातात तसंच धरून ठेवलं. मला वाटलं आता रडतील. रडले नाहीत. त्यांनी विचारलं, "कशी पोहायची ती?"

मावशी आधी हसली, मग तिने पदर डोळ्याला लावला, मग सांगायला लागली. आम्ही बाकीच्या वरून धडाधड उड्या मारायचो, विमल आवाज न करता उतरायची, पाणी हलायचंसुद्धा न्हाई. तळाची वाळू मुठीत घेऊन वर यायची आन् आमच्या डोक्यावर टाकायची. तोंडात पाणी धरून हसायची. नवी शिकणारी घाबरली की तिच्याशी भावाची, माहेराची गोष्ट काढायची, आन् बोलता बोलता हात सोडून द्यायची. शेजारच्या दोघी-तिघी आल्या. प्रत्येकीकडे काहीतरी होतं. अण्णा मध्येच विचारत, "किती येळ राहायची खाली?" "उताणी पडून पोहायची का?" बाजार करून आलेल्या माणसाला घरचे भाव विचारतात, तसं ते बारीकसारीक विचारत होते. जिच्याशी त्यांनी संसार केला त्या बाईची ती निम्मी बाजू होती आणि ती त्यांनी कधी पाहिलेली नव्हती.

मी भिंतीला टेकून उभी होते. मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. हलकं वाटलं असं लिहायला हवं, पण तसं नव्हतं. राग आला होता, आणि तो कुणा एकाचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी भुजंग आणि दोन गड्यांनी काटे काढले. पेटी जांभळीच्या मुळात, विहिरीपासून चांगली लांब ठेवली आहे. नाव काय द्यायचं ते मी अण्णांना विचारलं. म्हटलं, तुम्ही नको म्हणालात तर जांभळीची लिहू. ते म्हणाले, "बायांनी ठेवलंय तेच बराबर हाय." म्हणून 'विमलची विहीर' असं टाक. खाली माहितीत बुडण्याचं काही लिहू नको. लिही की या विहिरीवर गावच्या बायका पोहायला शिकल्या. शिकवणारीचं नाव विमल.

हे पत्र वाचून तू फोन करावास, यावंस, माफ करावंस, असं मी काही सुचवत नाही. तू नऊ वर्षांचा होतास आणि खरं बोलल्याबद्दल तुला मार बसला. त्याचं काय करायचं ते तुझं तू ठरव. मी फक्त कळवते आहे.

अण्णांना मी म्हटलं, खाली तुम्ही दोन ओळी लिहा. त्यांनी कागद आणि पेन घेतलं, ओसरीवर जाऊन बसले, जेवणाच्या वेळी कागद कोराच परत आणून दिला. म्हणाले, "तो खरं बोलला होता, एवढं माझ्या नावानं लिही." मग दारापर्यंत जाऊन परत आले. "आन् त्याचं काही उत्तर आलं, तर मला वाचून दाखव. कसंबी असलं तरी."

ते लिहिलं. आजवर मी पत्राखाली एकटीच सही करत आले. आज त्यांनी सांगितलं म्हणून दोन नावं आहेत.

तुझी,
तृप्ती
आणि अण्णा