अंडी आहेत

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (पाठ धरल्यामुळे आठांपैकी चारच अंगं टेकली आहेत, बाकीची उधार समज.) तुझे गुडघे कसे आहेत? आवाजाची चौकशी करत नाही. तुझ्या वर्गातून गेलेली, आता टक्कल पडलेली माणसंसुद्धा तुझी हाक ऐकली की अजून उभी राहतात म्हणे! माझे डोळे ठणठणीत. वर्षभर मोतीबिंदू, मोतीबिंदू करून माझ्या मागे लागली आहेस, पण चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्याचे डोळे असे सहजी दगा देत नसतात.

तर झालं असं. आमच्या किनाऱ्यावर चिखल्या नावाची मूठभर पाखरं आहेत. नाव चिखल्या आणि संसार कोरड्या वाळूत! घरटं म्हणजे टाचेनं पाडावा एवढा खळगा, त्यात वाळूच्याच रंगाची तीन अंडी. लोक फिरायला येतात, कुत्री मोकळी सोडतात, आई घाबरून उठते आणि अंडी उन्हात भाजून निघतात. म्हणून पक्ष्यांचं काम करणाऱ्या बाईंनी भोवती दोरी बांधली आणि माझ्याकडे पाटी मागितली. त्यांनी दिलेला मजकूर चांगला पाच ओळींचा होता. मी म्हटलं, एवढं वाचतंय कोण? आणि लफ्फेदार अक्षरांत रंगवलं, 'अंडी आहेत'.

हसू नकोस. 'बर्फ आहे', 'दूध मिळेल' लिहून लिहून हाताला तेच वळण. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दोरीपाशी चार माणसं पिशव्या घेऊन उभी! एकानं गावठी का म्हणून विचारलं. एक आजोबा तर दुकानदार आत गेला असेल म्हणून अर्धा तास थांबले. (आत म्हणजे कुठे, समुद्रात?) मी तिरमिरीत दोरी ओलांडली आणि पाटी बदलली, 'अंडी नाहीत'. तर संध्याकाळी एक बाई विचारतात, मग कधी येतील?

शेवटी खुर्ची टाकून मीच बसलो. पण माझ्या ओरडण्याला घरचं मांजरही भीक घालत नाही, तिथे कुत्रेवाले काय घालणार? बायको डबा घेऊन येते आणि म्हणते, माझ्या बाळंतपणात एवढे बसला नव्हतात. पाखरू मात्र बेरकी. कोणी जवळ आलं की पंख मोडल्याचं सोंग करून लंगडत त्याला लांब नेतं. गृहपाठ निघाला की माझं पोट दुखायचं, अगदी तस्सं.

आता दोन अंडी उरली आहेत. बाई म्हणतात, तिसरं कावळ्यानं नेलं. आठवड्याभरात पिल्लं निघतील.

तुझा,
धाकटा

ता. क. कावळा नव्हता गं. पाटी बदलताना माझाच पाय पडला. पाखरू लंगडत माझ्यापुढे किती वेळ नाचलं, मी त्याच्या सोंगाला हसत होतो. पायाखालचं अंडं मला दिसलंच नाही. फार वाईट वाटतंय. बाईंना सांगायची छाती होत नाही, म्हणून तुला सांगतोय.

ता. ता. क. डोळ्यांच्या डॉक्टरांची गुरुवारची तारीख घेतली आहे. (जिंकलीस!) पुढे काही दिवस उन्हावाऱ्यात जायचं नाही म्हणतात, आणि पिल्लं तर तेव्हाच निघायची. बुधवारी येशील का? खुर्ची आहे, छत्री आहे, डबा बायको आणेल. पाटी मी काढून ठेवतो. तू बसल्यावर तिची काय गरज?