खणखणीत कौलं

पनवेल, १४ जुलै १९९१, रविवार

तीन दिवस धो धो कोसळतोय, पण आमच्या भाड्याच्या खोल्यांत एक थेंब गळलेला नाही. फक्त मागच्या भिंतीला तळहाताएवढी ओल. तेवढीच तक्रार घेऊन संध्याकाळी शेजारी घरमालकिणीकडे, मंजुळाबाईंकडे गेलो.

काय बाई आहे! साठी उलटली, तरी मे महिन्यात स्वतः छपरावर चढून शाकारणी केली. एकेक कौल कानाशी धरून टकटक वाजवायच्या. खणखणीत वाजलं की आमच्या छपरावर. बद्द वाजलं, म्हणजे आत बारीक तडा, की बाजूला. मी मात्र धुळीवरून कुरकुरत होतो. शहाणा!

ती बद्द कौलं गेली कुठे, हे आज कळलं. त्यांच्या चुलीभोवती तीन पातेली मांडलेली, तिन्हींत टपटप.

"चांगली कौलं सगळी आम्हालाच का दिलीत?"

बाई हसल्या. "तुमी भाडं देता. मी कोनाला देते?"

तळहाताएवढ्या ओलीचं नावही काढलं नाही. एक पातेलं भरत आलं होतं, ते बाहेर ओतलं, परत जागेवर ठेवलं आणि घरी आलो.