बांधलेल्या बोटीच्या फेऱ्या

२ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन पडलं आणि मी उत्तर दिलं नाही, म्हणून तू मला मनात काय काय म्हणत असशील ते इथवर ऐकू येतंय. पण ऐकून तर घे. मला बढती मिळाली आहे. पगार तोच, टेबल तेच, खिडकीही तीच न उघडणारी, पण रोज तासभर मी अध्यक्ष असते.

त्याचं असं झालं. आमच्या बांधकाम खात्याच्या अंदाजपत्रकाची छाननी करायला विधिमंडळाची समिती बसणार आहे. रस्ते, पूल, बोटी, सगळ्याची चौकशी होणार आणि आमच्या सचिवसाहेबांनी समोर बसून उत्तरं द्यायची. साहेब एरवी वाघ आहेत. ते नुसते खाकरले तरी माणसं उगाच फायली उचलून चालायला लागतात. पण समिती म्हटली की त्यांची पाचावर धारण बसते. गेल्या वर्षी म्हणे ते प्रत्येक प्रश्नाला काम प्रगतिपथावर आहे एवढंच म्हणाले, अगदी पाणी हवंय का विचारलं तेव्हासुद्धा.

म्हणून यंदा तालीम. पहिल्या दिवशी उपसचिवांना अध्यक्ष केलं, पण साहेबांनी वर पाहिलं की ते आपले उठून उभे राहायचे. दुसरे एक अधिकारी प्रश्न विचारून स्वतःच उत्तर देऊन टाकायचे. शेवटी उत्तरं लिहिणारी मी, तेव्हा प्रश्नही मीच विचारावेत असं ठरलं. मी लांब टेबलाच्या टोकाला बसते, साहेब मला अध्यक्ष महोदया म्हणतात आणि मी त्यांना फैलावर घेते. काय मजा येते म्हणून सांगू. काल मी त्यांना सांगितलं की छताकडे बघू नका, माझ्याकडे बघून उत्तर द्या, तर त्यांनी मुकाट्याने मान खाली केली.

आता तुमच्या गावाची खबर. तुमच्या नदीवरची फेरीबोट आमच्याच खात्याची, ठाऊक आहे ना? पावसाळ्यापासून एक खाडा नाही, ठरलेले तास सगळे भरलेत. पण तिकीट एकाचंही फाटलेलं नाही. म्हणजे बोट जाते, बोट येते आणि चढत कुणीच नाही. लोकांना ती नकोशी झालेली दिसते, तेव्हा पुढच्या वर्षापासून बंद करावी, असं मी टिपणीत लिहिलं आणि साहेब खूश झाले. तुम्ही सगळे एवढे घरकोंबडे कधीपासून झालात?

शिवणकाम कसं चाललंय? लोभ असू दे, आणि रागावली असशील तर तेही लिही.

तुझी,
टकळी

७ फेब्रुवारी

चि. टकळीस,
अ. उ. आ.

अध्यक्ष झालीस, आनंद आहे. आता जरा खुर्चीवरून खाली उतर आणि मी काय लिहिते ते नीट वाच.

तुमची बोट कुठेही जात नाही. मागच्या पावसाळ्यातल्या पुरात पलीकडच्या काठाचा धक्का खचला. तिकडे बोट लावायला जागाच उरली नाही, म्हणून ती तेव्हापासून अलीकडच्या काठाला दोरखंडाने बांधून ठेवली आहे. पण बोटवाले काका रोज हजर. इस्त्रीचे कपडे घालून येतात, इंजिन सुरू करतात, वेळ झाली की निघाल्याचा भोंगा देतात, जेवढा वेळ पलीकडे जायला लागतो तेवढा वेळ इंजिन धडधडू देतात आणि मग पोचल्याचा भोंगा देतात. पुन्हा परतीचे दोन भोंगे. हे सगळं दोरी न सोडता.

मी त्यांना विचारलं की हा काय प्रकार. तर म्हणाले, खातं त्यांच्याकडे इंजिनाचे तास मागतं, आणि तास तर ते खरेच भरतात. शिवाय इंजिन बंद ठेवलं तर गंजून जाईल. माणूस सच्चा आहे, त्याला कुणी काही बोलायचं नाही, हे माझं आधीच सांगणं आहे. पण बोटीत चढणार कोण, आणि चढून जायचं कुठे? तुझ्या त्या टिपणीला काय म्हणावं, मला तर कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला.

माझं म्हणशील तर माझा नवा चष्मा पलीकडच्या चष्मेवाल्यांकडे तयार होऊन पडलाय. जुन्या चष्म्यावर शिवते आणि व्हायचं तेच होतं. काल पोस्टमास्तरांच्या सदऱ्याला दोन्ही बाह्या एकाच बाजूला लावून ठेवल्या. ते भले माणूस, घालून बघितला आणि म्हणाले की उकाड्यात एक बाजू मोकळी बरी.

तेव्हा ती बोट बंद करायची भाषा सोड. अंगावर दुखणं काढू नकोस, वेळेवर जेव.

तुझी,
मावशी

१२ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी कचेरीत वाचलं आणि इतकी हसले की शेजारच्या टंकलेखक बाईंनी पाणी आणून दिलं. मग हसणं थांबलं, कारण ती टिपणी साहेबांच्या सहीने समितीकडे गेली आहे. परत आणायची सोय नाही.

तरी मी चौकशी केली. बोट आहे आमच्या जलमार्ग शाखेकडे. धक्का आहे रस्ते शाखेकडे, कारण तो काठावर आहे आणि काठ म्हणजे रस्ता. जलमार्गवाले अभियंते म्हणतात की धक्का दुरुस्त झाला की बोट सोडू. रस्तेवाले अभियंते म्हणतात की बोट चालू असल्याचे अहवाल दर महिन्याला येतात, म्हणजे धक्का ठीकच असणार. दोघांच्या खोल्यांमध्ये एक लाकडी फळी आहे. एक शिंकला की दुसरा त्याला काळजी घ्या म्हणतो. पण धक्क्याचा विषय निघाला की दोघंही लेखी कळवा म्हणतात.

बोट बंद झाली तर रस्तेवाले तो धक्का कायमचाच सोडून देतील, हे मात्र खरं. मी तालमीत साहेबांना हा प्रश्न रोज विचारणार आहे.

आता तुझ्या चष्म्याचं. मावशी, गेल्या दोन वर्षांत तुझा चष्मा किती वेळा बदलला गं? कधी दांडी सैल, कधी काच धूसर, कधी नाकावर टोचतो. आईलासुद्धा संशय आला होता, पण तिला वाटलं डोळ्यांत काही बिघाड असेल. आणि चष्मा तयार असेल तर ते गृहस्थ टपालाने पाठवत का नाहीत?

खरं काय ते लिही. लोभ होताच, आता त्यात उत्सुकताही मिसळली आहे.

तुझी,
टकळी

१७ फेब्रुवारी

चि. टकळीस,
अ. उ. आ.

लहानपणी तुझ्या तोंडाला कुलूप घालायला हवं होतं असं तुझी आई म्हणायची, ते उगाच नव्हतं. टपालात काच फुटते म्हणून पाठवत नाहीत, एवढंच उत्तर मी देणार होते. पण तू बोट वाचवणार म्हणतेस, तर तुला सांगायलाच हवं. आईला इतक्यात कळवू नकोस.

चष्मेवाल्यांनी मला लग्नाचं विचारलं आहे. मी माझी दांडी घट्ट करून घेत होते आणि त्यांनी मान वर न करता, हातातला बारीक पेचकस न थांबवता विचारलं. या वयात मला असं कुणी विचारेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. बोटीचा भोंगा झाला तशी मी घाईने उठले आणि पुढच्या फेरीला येऊन सांगते म्हणाले. त्यानंतर पूर आला, धक्का खचला आणि पुढची फेरी काही झाली नाही.

आता तू म्हणशील पत्र लिही. पत्राने सांगायचं असतं तर मी तिथेच नसतं का सांगितलं? त्यांचं तोंड बघून सांगायचं आहे. तू म्हणशील बसने जा. बस मोठ्या पुलावरून वळसा घालून जाते, सबंध दिवस मोडतो आणि मला बस लागते हे तुला माहीत आहे. हिरवीपिवळी होऊन उतरायचं आणि मग लग्नाचं बोलायचं, हे मला जमणार नाही. आणि ते इकडे येत नाहीत, कारण विचारून झाल्यावर बाईच्या दारात जाऊन उभं राहणं म्हणजे तगादा लावणं, असं त्यांचं मत आहे. तसं त्यांनी बसने इकडे आलेल्या बोटवाल्या काकांच्या भावाकडून कळवलं. मला ते मत आवडलं, पण त्या मताने घोडं तिथेच अडलंय.

रोज चार भोंगे ऐकते आणि दर वेळी हातातलं काम थांबतं. माझं उत्तर काय आहे हे तुला विचारायचं असेल तर विचारू नकोस. ते मी पहिल्यांदा त्यांनाच सांगणार आहे. बोट बंद झाली तर मात्र ते माझ्याजवळच राहील, आणि मला त्याची भीती वाटते गं.

तुझी,
मावशी

४ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

बसून वाच. शक्यतो सुई बाजूला ठेव.

आज समिती झाली. मोठं दालन, घोड्याच्या नालेसारखं टेबल, पलीकडे सगळे सभासद, मधे अध्यक्षबाई. अलीकडे सचिवसाहेब, आणि त्यांच्या पाठीमागच्या रांगेत चिठ्ठ्या पुरवायला मी. अध्यक्षबाईंचा आवाज इतका मऊ की रस्त्यांचा विषय गेला, पुलांचा गेला आणि साहेब काम प्रगतिपथावरच ठेवत राहिले. मग अध्यक्षबाईंनी फेरीबोटीचं विचारलं.

आणि मावशी, हा प्रश्न मी साहेबांना तालमीत रोज विचारलेला. त्याचं उत्तर ते रोज मला देत आले होते. त्यांनी सवयीने खुर्ची गर्रकन वळवली, समितीकडे पाठ केली, माझ्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाले की अध्यक्ष महोदया, बोटीचे सर्व तास भरलेले आहेत. मी गप्प बसायला हवं होतं. पण माझीही तीच सवय. मी तालमीतल्यासारखंच खणखणीत विचारलं की तास राहू द्या, ती बोट जागची हलते का. साहेब म्हणाले, नाही. मी विचारलं का नाही. साहेबांनी धक्का, काठ, दोन शाखा, लाकडी फळी, भोंगे, सगळं घडाघडा सांगितलं, एकदाही न अडखळता. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मी शाबास म्हणाले.

मग आम्हा दोघांना कळलं. साहेब हळूहळू परत वळले. त्यांचे कान लाल झाले होते आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. नोकरी गेली असं धरूनच मी चालले होते. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला, पुसला, आणि मऊ आवाजात विचारलं की या दालनात अध्यक्ष नेमकं कोण आहे. कोपऱ्यातले एक वयस्क सभासद हसायला लागले ते थांबेचनात, आणि मग सगळी समितीच हसायला लागली. अध्यक्षबाई म्हणाल्या की इतकी वर्षं त्या या खात्याला प्रश्न विचारताहेत, सरळ उत्तर आज पहिल्यांदा मिळालं, तेव्हा पुढचे प्रश्नही या मुलीनेच विचारावेत. आणि मी विचारले, मावशी. एकूण एक विचारले.

त्या दोन अभियंत्यांना बोलावून शेजारी शेजारी बसवलं आणि धक्का ठरल्याशिवाय जेवायला सोडणार नाही म्हणून सांगितलं. ताटं मांडायच्या आत ठरला. दुरुस्ती झाली की समिती स्वतः येऊन बोटीतून पलीकडे जाणार आहे. बोट बंद करायची की नाही ते तेव्हा तिथेच ठरेल. मला यायचं होतं, पण गाडीतली माझी जागा त्याच दोन अभियंत्यांनी खाल्ली. तेव्हा माझ्या वाटचं तू बघ.

तुझी,
टकळी

२९ मार्च

चि. टकळीस,
अ. उ. आ.

आज समिती येऊन गेली. घाईघाईने लिहितेय, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

मी ठेवणीतली साडी नेसून सकाळीच काठावर गेले. अध्यक्षबाईंनी विचारलं की इथली नेहमीची प्रवासी कोण, तर सगळ्या गावाने मलाच पुढे ढकललं. बोटवाल्या काकांनी दोरी सोडली आणि त्यांचे डोळे भरून आले. अर्ध्या नदीत अध्यक्षबाईंनी विचारलं की बोटीची मला काय गरज पडते. मी बटणं आणि दोरे आणायचे असतात म्हणाले. त्यांचा लेखनिक शेजारी बसून सगळं उतरवून घेत होता. त्याच्यापुढे आणखी काय सांगणार?

पलीकडे उतरले, धक्का नवा कोरा, पाय न मुरगळता वर गेले. आणि चष्म्याच्या दुकानाला कुलूप. शेजारचा पाववाला म्हणाला की ते तर पहाटेच्या बसने तुमच्याच काठाला गेले. बोटीची वाट बघून कंटाळले, शिंपीणबाईंचं जे काही उत्तर असेल ते त्यांच्याच दारात जाऊन ऐकतो, तगादा तर तगादा, असं म्हणाले. समिती येणार हे त्यांना ठाऊक होतं, पण समित्या वेळेवर येतात यावर त्यांचा विश्वास नव्हता.

मी तिथेच पायरीवर बसले. हसावं की रडावं कळेना, म्हणून दोन्ही केलं. अध्यक्षबाई शेजारी येऊन बसल्या आणि काय झालं विचारलं. मी सगळं सांगितलं, अगदी पेचकसापासून. त्या उठल्या आणि त्यांनी त्या मऊ आवाजात हुकूम सोडला की समितीचा चहा राहू द्या, बोट फिरवा, जादा फेरी.

नदीच्या मध्यावरच मला ते दिसले. माझ्या काठावर उभे, अंगभर बसची धूळ, टोपी हातात. मला वाटलं होतं की जवळ जाऊन, शांतपणे, चार शब्द जुळवून बोलेन. पण इतके महिने ते उत्तर पोटात ठेवलं होतं, ते काठ लागेपर्यंत थांबलंच नाही. मी कठड्याला धरून ओरडले, हो. इंजिनाच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही असं वाटलं, म्हणून आणखी दोनदा ओरडले. काका म्हणतात पहिलाच हो ऐकू गेला होता. सगळी समिती टाळ्या वाजवत होती आणि ते दोन अभियंते एकमेकांच्या गळ्यात पडले.

आता आईला कळव. आणि एक काम कर. त्या लेखनिकाची पेन्सिल मी ओरडत होते तेव्हाही चालू होती, मी पाहिलं. या वयात असं ओरडलेलं सरकारी कागदात राहणं बरं नाही. तेवढं काढून टाकायला सांग.

तुझी,
मावशी

६ एप्रिल

ती. मावशीस आणि होणाऱ्या मावसोबांस,
शि. सा. न. वि. वि.

आई रडली, हसली, मग म्हणाली की डोळ्यांत बिघाड आहे हे तिने आधीच ओळखलं होतं. लग्नाला आम्ही सगळे येतोय. सचिवसाहेबही येतो म्हणतात. मला विचारताना ते अजून अध्यक्ष महोदया म्हणून जातात आणि मीही अजून बसा म्हणते.

तू सांगितलेलं काम करायला मी गेले होते. कार्यवृत्ताचा मसुदा अध्यक्षबाईंच्या समोरच होता. मी विनंती केली की बोटीवरचं ते तीन वेळा ओरडणं गाळावं. त्यांनी पान परत वाचलं आणि म्हणाल्या की खात्याच्या एवढ्या कागदांत विश्वास ठेवावा असं तेवढंच आहे, ते राहील. मात्र तुझी भीड त्यांनी ठेवली आणि भाषा सरकारी करून दिली. बोट चालूच ठेवण्याच्या शिफारशीखाली आता असं छापून येणार आहे: सेवेची गरज आहे काय, याबाबत प्रवाशाने तीन वेळा, स्पष्ट शब्दांत व दोन्ही काठांवर ऐकू जाईल अशा आवाजात होकार दिला. समितीस अधिक पुराव्याची आवश्यकता वाटत नाही.

तुमची,
टकळी