येत नसेल तर डावा

सोमवार, ३ तारीख
शुद्धलेखन चुकलं तर माफ करा. आणि एका बोटाने टाइप करते, त्यामुळे वेळ लागतो. पण माफी कोणाची मागतेय? हे कोणी वाचणारच नाहीये. ताईचा जुना फोन आहे, मध्येच गरम होतो. शी.

ताई शिक्षिका व्हायचं ट्रेनिंग घेतेय. शिकवायची प्रॅक्टिस करायला त्यांना मुलं लागतात. जवळच्या शाळेने हाकललं, आमच्या मुलांवर प्रयोग नकोत म्हणून. आता प्रत्येकाने घरातून एक मूल आणायचं. ताईकडे मी आहे. सोळा वर्षांची घोडी, पाचवीतली म्हणून बसायचं.

मी हो म्हणाले. बसायला नाही, सुधारायला. नववीत शाळा सोडलेल्या माणसालाच कळतं वर्ग कुठे सडतो ते. सगळं बघणार आणि शेवटी उभं राहून त्यांच्या मॅडमना तोंडावर सांगणार.

मंगळवार, ४
किळस आली. मूल कोणीच आणलं नाही. म्हणून शिकवणारेच मुलं होऊन बसतात. माझ्या बाकावर एक मिशीवाले काका, चाळिशीचे. बारीक आवाज काढून ओरडतात, "बाई, ही मला चिमटा काढतेय!" मी! चिमटा! मॅडम म्हणतात, "छान, वर्ग जिवंत वाटतोय."

उत्तरं सगळ्यांना पाठ. फळ्यावर काही लिहायच्या आधीच मिशीवाले म्हणाले, "अपूर्णांक!" मॅडमनी दटावलं, "अहो, पाचवीतल्या मुलाला इतक्या लवकर सुचतं का?" मग त्यांनी डोकं खाजवलं आणि परत तेच सांगितलं.

उद्या बोलणार.

बुधवार, ५
नाही बोलले. घसा बसला होता. थोडासा.

आज सगळ्यात घाण गोष्ट कळली. प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा. शिकवणारीने उजव्यांनाच विचारायचं. मागे बसलेल्या परीक्षकांना वाटतं, वा, काय हुशार वर्ग. शोध मिशीवाल्यांचा. सगळे त्यांच्या पाठीवर थाप मारत होते. ओकारी.

ताईला म्हटलं, हे लबाडीचं आहे. ती म्हणाली, "शुक्रवारी माझा शेवटचा पाठ आहे, बये. पास झाले तरच नोकरीचा अर्ज भरता येईल. तू आपला डावा वर कर. कोणी तुझ्या वाटेला जाणार नाही."

डावा. लागलं मला.

गुरुवार, ६
ठरलं. वर्गात जायचा फायदा कधी? निदान एकाला काहीतरी येत नसतं आणि तो ते बोलतो, तेव्हा. नाहीतर घरी झोपलेलं बरं. हे माझं मी शोधलं, ट्रेनिंग न घेता.

उद्या उभी राहून विचारणार, एक छेद चारमध्ये चार आहे, मग तो एक छेद दोनपेक्षा लहान कसा? मला खरंच माहीत नाही. नववीतही विचारणार होते. उभीसुद्धा राहिले होते, तास संपेपर्यंत. सरांनी वेळच दिला नाही.

बाथरूममध्ये आरशासमोर प्रॅक्टिस केली. आईने दार बडवलं, "आत कोण कोण आहे गं?"

शुक्रवार, ७
ताईने कागदाचे गोल कापून मोठा चार्ट केला होता. विचारलं, "एक छेद दोन मोठा की एक छेद चार?" सगळे हात वर, सगळे उजवे.

मी उभी राहणार होते. बाक फार अरुंद आहेत. उजवा नाही, डावा नाही, माझे दोन्ही हात मांडीखाली. परीक्षक बाई आज मागे नाही, माझ्या शेजारीच बसलेल्या. म्हणाल्या, "या मुलीचा हात खाली आहे. हिला विचारा."

ताई पांढरीफटक. मिशीवाले कुजबुजले, "अर्धा म्हण, अर्धा!" मी गप्प. मुद्दाम. ताई थांबली. खूप थांबली. मग मी बोटाने चारवाला दाखवला, मला तोच मोठा वाटतो. सगळे खिदळले. ताई ओरडली, "गप्प बसा! हसायला काय झालं?"

आणि तिने चार्टवरचे दोन गोल टराटरा उपटले, माझ्या बाकावर आणले. "फाड. हा दोघींत वाटला. हा चौघींत. तुला कोणता तुकडा हवा?"

मी फाडले आणि मोठा धरला. अर्धा. जितक्या जणी जास्त, तितका तुकडा बारीक! एवढंच होतं? एवढं सांगायला यांना इतकी वर्षं लागली? राग आला. दोन्ही तुकडे खिशात घातले.

तेवढ्यात बेल. ताईचा अर्धा पाठ राहिला. परीक्षक बाईंनी लिहिलं, पाठ अपूर्ण, पुन्हा द्यावा. मिशीवाले सकाळच्या पाठात पास. उत्कृष्ट वर्ग-नियंत्रण.

शनिवार, ८
ताईने आज चहा माझ्यासमोर आदळला आणि म्हणाली, "पुढच्या महिन्यात परत पाठ आहे. येशील तू. पहिल्या बाकावर बसायचं." मग जरा वेळाने, "आणि हात वर नको करूस. उजवा नाही, डावा नाही."

मी खूप काही म्हणणार होते. मान हलवली.

पुढच्या महिन्यात मात्र मॅडमना सगळं सांगणार. नक्की.

वरच्या मजल्यावरच्यांचं नवीन कपाट जिन्यात अडकलंय. त्याच्या मागे त्यांचे आजोबा. बघून येते.