समासात गेलेले पैसे

तीर्थरूप ताईस,

उजव्या नव्या आणि डाव्या जुन्या, अशा दोन्ही डोळ्यांनी वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? तुझी तिन्ही पत्रं पोचली. पहिल्यात पैशांची आठवण होती, दुसऱ्यात त्या आठवणीची आठवण होती, आणि तिसऱ्यात नुसतीच माझी खुशाली विचारली होती. ते तिसरं वाचून मला खरी भीती वाटली, म्हणून लिहायला बसलो.

हप्ता थकला याला मूळ कारण तूच आहेस. (रागावू नकोस, पुढे वाच.) मोतीबिंदू काढायला तू पैसे दिलेस. पट्टी सुटली तेव्हा समोरचं झाड पानापानांनी वेगळं दिसलं, आणि मी एकदम चौथीच्या वर्गात जाऊन बसलो. गुरुजी टेबलावर पट्टीने ताल धरताहेत, सगळा वर्ग कविता म्हणतोय, एक ओळ विसरून मी नुसते ओठ हलवतोय, आणि शेजारच्या वर्गातून तुझा आवाज माझी विसरलेली ओळ पुरवतोय. डॉक्टर विचारत होते, बोटं किती. मी म्हणालो, कडवी चार. असो. सांगायचं ते हे, की त्या डोळ्याने दुसरी गोष्ट पाहिली ती माझ्या पगाराची चिठ्ठी. सहा वर्षं मी ती अंदाजाने वाचत होतो. अंदाज फार उदार निघाला.

माझं काम तुला माहीत आहे. किटल्या, पंखे, इस्त्र्या यांच्याबरोबर खोक्यात जी माहितीपत्रकं येतात (जी कुणी वाचत नाही असं तू म्हणतेस, पण वाचतात, ते पुढे येईलच) ती मी परभाषेतून मराठीत आणतो. मोबदला शब्दागणिक. शब्द संगणक मोजतो, आणि संगणकाला शब्द म्हणजे दोन मोकळ्या जागांमधला ऐवज. आता आपल्या भाषेचा स्वभाव बघ. परक्या पत्रकात जे पाच शब्दांत सुटं सुटं मांडलेलं असतं ते आपण ‘झाकणाखालच्यासुद्धा’ म्हणून एका दमात मोकळं करतो. म्हणजे तिकडे पाचांची मजुरी आणि इकडे एकाची. ‘पाणीपातळी’सारखे समास तर त्याहून वाईट; ज्या सामासिक शब्दांसाठी शाळेत मला पैकीच्या पैकी गुण मिळत, त्यांनीच म्हातारपणी माझा खिसा कापला.

आमच्या टायपिंगच्या बाईंना मी हे सांगितलं. त्या हसल्या नाहीत. त्यांना पानामागे पैसे मिळतात, आणि मालकाने पानाच्या कडेचा समास चार बोटांवरून एका बोटावर आणलाय. दीड पानाचा मजकूर एका पानात बसतो, पैसे एकाचेच. म्हणजे बघ, दोघांनाही समासानेच खाल्लं; मला शब्दातल्याने, त्यांना कागदावरच्याने. त्या म्हणाल्या, “काका, तुम्ही मध्ये मध्ये स्पेस मारा की. बघतंय कोण?”

ताई, मी मारली. ‘झाकणा खालच्या’, ‘पाण्या मध्ये’, ‘विजे शिवाय’ असं लिहीत सुटलो. प्रत्येक मोकळ्या जागेला गुरुजींची पट्टी हातावर बसल्यासारखी वाटे, पण चिठ्ठीवरचा आकडा वाढत होता आणि तुझ्या हप्त्याची तजवीज होत होती. मग किटलीचं पत्रक आलं. त्यात सरळ वाक्य होतं, ‘झाकण बसले की तळहाताने दाबावे.’ मी लिहिलं, ‘तळ हाताने दाबावे.’

छापील अक्षरावर संपूर्ण विश्वास ठेवणारी एकच व्यक्ती आमच्या गिऱ्हाइकांत निघाली, आणि ती मालकाची सासू. तिने तापलेली किटली पुन्हा भरली, झाकण बसवलं, किटली उचलली आणि तळ हाताने दाबला. (तळ असेल तर ‘दाबावा’ हवं, ‘दाबावे’ कसं, ही शंका त्या माउलीला यायला हवी होती. व्याकरण पक्कं असतं तर बोटं वाचली असती.) दोन बोटं ओल्या रुमालात गुंडाळून ती दुकानात आली आणि जावयाला म्हणाली, “तुमच्या कवीला बोलवा.”

पत्रकं पुन्हा छापायचा खर्च माझ्या पगारातून कापला. तो मी मान्य केला, बोटांचीही माफी मागितली, आता ती बरी आहेत. पण तिथेच उभ्या उभ्या मी सांगितलं, की इथून पुढे एकही शब्द तोडणार नाही, आणि मजुरी अक्षरागणिक घेईन. बाईंनाही पान नको, ओळीगणिक द्या. मालक म्हणाले, “आणि जोडाक्षर?” मी म्हटलं, ‘स्त्री’मध्ये स, त आणि र असे तिघं एका काठीला लटकून राबताहेत, तिघांचे द्या. ते म्हणाले, “एका खोलीत राहतात ना? मग भाडं एकच.” यावर बाई म्हणाल्या, “साहेब, आम्ही घरी एका खोलीत पाच राहतो. जेवायला पाच लागतात.” तरी मालक हो म्हणाले नाहीत.

तेव्हापासून तीन दिवस मी दहाला जातो, खुर्चीवर बसतो, लेखणी उघडत नाही आणि सहाला उठतो. पंख्याचं पत्रक ‘पाते फिरू लागल्यावर’ इथे थांबलंय. बाईही समोर हात बांधून बसतात, आणि त्यांच्या घरात खाणारी तोंडं माझ्यापेक्षा जास्त आहेत, त्यामुळे मला माघार घेता येत नाही. घ्यायचीही नाही. वेळ जावा म्हणून मी त्यांना चौथीच्या कविता म्हणून दाखवतो. त्यांना एक आवडली, बाकीच्या त्या सोसतात.

सोबत हप्ता ठेवला आहे. लोभ आहेच, तो असू दे.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. बोलता बोलता मी मालकांना म्हणालो, की जोडाक्षरात किती अक्षरं हे माझ्या ताईला विचारा, ती तीस वर्षं शिकवत होती. त्यांनी शाळेचं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. ते तुझ्या वर्गात होते, ताई, तिसऱ्या बाकावर. तू येऊन फक्त समोरच्या खुर्चीवर बस. बोलू नकोस. लाल शाईचं पेन आण.

ता. क. पाकिटात आहे तो हप्ता नसून तुझं येण्याचं तिकीट आहे. त्या रकमेचं दुसरं काही निघालं नाही. परतीचं नव्या दरातून काढू. तोवर तुला इथेच राहावं लागेल.